बर्लिनमध्ये ओळखी, मैत्री आणि डेटिंग: पहिल्या वर्षासाठी

पुण्या-मुंबईहून बर्लिनला आलेल्या बहुतेकांचे पहिले दोन-तीन महिने घर, पत्त्याची नोंदणी, विमा आणि बँक यांत जातात. ते सगळं मार्गी लागलं की एखाद्या शनिवारी संध्याकाळी लक्षात येतं, भेटायला कुणीच नाही. ऑफिसात सगळे नीट बोलतात, पण सहानंतर ज्याचा तो निघून जातो. यात तुमचं काही चुकलेलं नसतं. या शहरात माणसं जवळ येतात ती ठरलेल्या वेळी, पुन्हा पुन्हा भेटून. आपल्याकडे 'कधीही या, घर तुमचंच आहे' यात आपुलकी असते. इथे तीच आपुलकी 'गुरुवारी, तेवीस तारखेला, साडेसात वाजता' अशी येते. हा फरक पहिल्या महिन्यात अंगवळणी पाडला तर पुढचं बरंच सोपं जातं.

आधी घड्याळ

जर्मनमधली वेळ ऐकण्यात आपली एक हमखास चूक होते. 'हाल्ब आख्ट' म्हणजे शब्दशः अर्धे आठ, पण अर्थ साडेसात. नवखा माणूस साडेआठला पोहोचतो आणि तोवर समोरचा निघून गेलेला असतो. बर्लिनमध्ये, विशेषतः पूर्व भागातली जुनी मंडळी, 'फिर्टल आख्ट' असंही म्हणतात. ते सव्वाआठ नव्हे, सव्वासात. 'ड्रायफिर्टल आख्ट' मात्र आपलं पावणेआठच. शंका आली तर 'म्हणजे 19:30 ना?' असं चोवीस तासांच्या घड्याळात विचारून घ्या, कुणाला वावगं वाटत नाही.

भेट दोन-तीन आठवडे आधी ठरते. 'आपण कधीतरी काहीतरी करू या' या वाक्याला इथे काहीच वजन नाही; ते बोलणाऱ्यालाही माहीत असतं. वजन येतं ते तारीख सुचवल्यावर. दोन पर्याय द्या, जागा सांगा: 'पुढच्या मंगळवारी किंवा त्याच्या पुढच्या शनिवारी, क्रॉइत्सबेर्गमध्ये कॉफी?' एकही तारीख जमत नसेल आणि समोरून तिसरी सुचवली गेली नाही, तर सहसा रस नाही असं धरा. महिनाभराने एकदा पुन्हा विचारून बघायला हरकत नाही.

आपलं 'हो हो, बघतो, जमवतो' इथे फार महागात पडतं. आपण ते नकार मऊ करायला म्हणतो, ऐकणारा मात्र त्याला होकार समजून जागा राखून ठेवतो. मग तुम्ही गेला नाहीत की पुढचं बोलावणं येत नाही. जमत नसेल तर 'नाही जमणार' असं त्याच वेळी सांगा. कारण द्यायचीही गरज नाही. दहा मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तर ठरलेल्या वेळेच्या आधी मेसेज करा.

पहिला महिना: आठवड्यातला एक वार पकडा

एकेकदा होणाऱ्या पार्ट्यांत आणि मीटअपमध्ये ओळखी खूप होतात, टिकत मात्र फार थोड्या. प्रत्येक वेळी नवी माणसं, तेच तीन प्रश्न. त्यापेक्षा एकाच जागी, एकाच वारी, निदान दहा आठवडे जा. तीन-चार आठवडे फक्त नमस्कार होतो, नंतर लोक नावाने हाक मारू लागतात, आणि साधारण दोन महिन्यांनी 'नंतर थांबतोस का?' असं विचारलं जातं. कंटाळून बरेच जण तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला सोडतात, म्हणजे नेमकं ओळख सुरू व्हायच्या वेळी.

सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे 'फेराइन', नोंदणीकृत मंडळ. किमान सात माणसं जमली की असं मंडळ नोंदवता येतं, त्यामुळे समूहगान, बुद्धिबळ, होड्या, भटकंती, बागकाम असं कशाचंही फेराइन सापडतं. आपल्या उपनगराचं नाव आणि छंद लिहून शोधा, ईमेल करून चाचणी सत्राला यायचं आहे असं कळवा. एक ते तीन सत्रं बहुधा फुकट असतात. आवडलं तर अर्ज भरा आणि वर्गणीसाठी बँक खात्याचा क्रमांक द्या. सही करण्याआधी सोडण्याची अट मात्र नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी वर्ष किंवा सहामाही संपायच्या काही आठवडे आधी लेखी कळवावं लागतं, नाहीतर वर्गणी पुढे चालू राहते. फेराइनमध्ये काम मागून घ्या: खुर्च्या लावणं, वार्षिक मेळाव्याला केक आणणं. सामोसे नेलेत तर लोक तुमचं नाव विसरत नाहीत.

प्रस्तरारोहणाची आवड असेल तर जर्मन आल्प्स संघाच्या बर्लिन शाखेचं केंद्र मुख्य रेल्वे स्थानकाजवळ आहे. दोर लावून चढायला जोडीदार लागतो. चढण्याआधी दोघंही एकमेकांची गाठ आणि कडी हाताने तपासतात. एकमेकांच्या जिवाची काळजी घेण्याची ही दोन मिनिटं इतर तासभर गप्पांपेक्षा ओळख पक्की करतात, असं आमचं मत आहे.

'फोल्क्सहोखशूले' म्हणजे लोकांसाठीची प्रौढ शाळा. बर्लिनच्या बाराही जिल्ह्यांत एकेक आहे. इथले जर्मनचे वर्ग खाजगी वर्गांपेक्षा स्वस्त, पण जागा पटकन भरतात. नोंदणी सुरू होताच नाव द्या. जर्मनच्या वर्गात सगळे तुमच्यासारखेच बाहेरचे भेटतील. स्थानिक माणसं हवी असतील तर कुंभारकाम, शिवण, स्वयंपाक असा वर्ग जर्मनमधून घ्या. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनची बी-1 पातळी झालेली असली तरी पहिले काही आठवडे कानावर बर्लिनी बोलीतलं भलतंच पडेल: 'इश' (मी)चं 'इक', 'दास' (ते)चं 'दिट'. बोलणंही रोखठोक असतं. कौतुक क्वचित होतं. तक्रार केली नाही म्हणजे पुरेशी स्तुती झाली, अशी इथली म्हणच आहे. दुकानदार किंवा बसचालक खेकसला तर मनाला लावून घेऊ नका.

पैसे आणि भाषा दोन्ही कमी असतील तर टेबल टेनिसची बॅट विकत घ्या. बर्लिनच्या बागांत सिमेंटची पक्की टेबलं असतात आणि तिथे उन्हाळ्यात 'रुंडलाउफ' चालतो. खेळणारे कितीही असोत, सगळे टेबलाभोवती एकाच दिशेने फिरतात. आपली पाळी आली की एकच फटका मारायचा आणि दुसऱ्या टोकाकडे पळायचं. चुकला तो बाद. शेवटी दोघं उरले की थोड्या गुणांचा सामना, आणि लगेच सगळे परत आत. नवीन डाव सुरू होताना बॅट दाखवून 'कान इश मिटश्पीलन?' म्हणजे 'मी खेळू का?' एवढंच विचारायचं. रांगेत पुढचा-मागचा कोण हे लक्षात ठेवा. नवख्यांची चूक तिथेच होते, दोघं एकाच वेळी धावतात आणि डाव थांबतो. त्याच बागेत त्याच वेळी चार रविवार गेलात की लोक तुम्हाला ओळखतात.

टेम्पलहोफर फेल्ड हेही गटाने भेटायला उत्तम. इथला जुना विमानतळ 2008 मध्ये बंद झाला आणि 2010 पासून तीनशे हेक्टरांहून मोठं मोकळं मैदान लोकांना मिळालं. धावपट्टीवर सायकल, स्केट, पतंग, सगळं चालतं. शेगडी फक्त आखून दिलेल्या जागीच पेटवता येते आणि फाटकं अंधार पडताना बंद होतात. आपापल्या फाटकाची वेळ तिथल्या पाटीवर बघून ठेवा. रिकाम्या बाटल्या दुकानात परत दिल्या की अनामत मिळते: बिअरच्या काचेच्या बाटलीला आठ सेंट, डबे आणि बहुतेक प्लॅस्टिक बाटल्यांना पंचवीस सेंट. परत न्यायच्या नसतील तर कचरापेटीत न टाकता शेजारी उभ्या ठेवा, गोळा करणारे नेतात.

मित्र हा शब्द जपून

जर्मनमध्ये सहकारी वेगळा, 'बेकान्टे' म्हणजे ओळखीचा वेगळा आणि 'फ्रॉइंड' म्हणजे मित्र वेगळा. वर्षभर एकत्र समूहगान करणारा माणूस तुम्हाला ओळखीचाच म्हणेल. त्यात दुरावा नाही. फ्रॉइंड झाला की तो घर बदलताना कपाट उचलायला येतो.

यातच एक मोठी गल्लत होते. 'माइन फ्रॉइंड', 'माइनं फ्रॉइंडिन' म्हणजे माझा प्रियकर, माझी प्रेयसी. नुसत्या मैत्रिणीची ओळख करून देताना 'आइनं फ्रॉइंडिन फोन मिअर', माझी एक मैत्रीण, असं म्हणायचं. आणखी एक: उकडत असेल तर 'मिअर इस्ट हाइस' म्हणा, अगदी आपल्या 'मला गरम होतंय'सारखं. 'इश बिन हाइस' म्हटलंत तर त्याचा अर्थ कामातुर असा होतो. मराठीतल्या 'मला'च्या जागी 'मिअर' हे ध्यानात ठेवलं की चूक होत नाही.

घरी बोलावलं तर, आणि बाहेर बिल आलं तर

बोलावणं आलं की 'काय आणू?' असं विचारा. 'काही नको' म्हणाले तरी वाइनची बाटली, चांगलं चॉकलेट किंवा फुलं न्या. फुलांचा कागद दारातच काढून हातात द्यायची पद्धत आहे. लाल गुलाब प्रेमाचे समजले जातात, ते टाळा. सातला बोलावलं असेल तर सात ते सात-दहाच्या मध्ये पोहोचा. सातच्या आधी बेल वाजवू नका, यजमान अजून भाजी चिरत असतो. चपला काढायच्या का ते विचारा. शाकाहारी असाल तर बोलावणं स्वीकारतानाच सांगा, तेही 'फेगेटारिश' हा शब्द वापरून. नुसतं 'मांस नको' म्हटलं की मसूरच्या सूपमध्ये डुकराच्या चरबीचे तुकडे राहून जाऊ शकतात. दारू घेत नसाल तर 'इश ट्रिंके निश्त' पुरे, कुणी आग्रह करत नाही. पेला भिडवताना मात्र प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून 'प्रोस्ट' म्हणायचं. नजर खाली ठेवली तर लगेच टोकतात.

वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी कधीच देऊ नका, अपशकुन मानतात. आणि वाढदिवस ज्याचा त्यानेच ऑफिसात केक आणायचा असतो. तुमचा असेल तेव्हा विसरू नका.

बाहेर जेवल्यावर वाढपी विचारतो, 'त्सुझामेन ओडर गेट्रेन्ट?' एकत्र की वेगवेगळं? डीफॉल्ट वेगवेगळं. ज्याने त्याने काय खाल्लं ते सांगायचं. समजा तुमचे 23.60 झाले. टेबलावर नोटा ठेवून उठून जायचं नाही. पैसे देतानाच टिप धरून एकूण आकडा बोलायचा, 'फ्युन्फ-उंड-त्स्वान्त्सिश', म्हणजे पंचवीस. तो उरलेले परत देतो. अचूक नोट असेल तर 'श्टिम्ट झो', बाकी ठेवा. टिप पाच ते दहा टक्के. लहान जागी कार्ड चालेलच असं नाही, वीस-तीस युरो रोख जवळ असू द्या. आपल्या सवयीने बिलावर झडप घालून 'मी देतो, मी देतो' केलंत तर समोरच्याला अवघडल्यासारखं होतं. 'इश लाडं डिश आइन' या वाक्याचा अर्थ 'मी तुला बोलावतो' एवढाच नाही. त्यात 'पैसे मी देणार' हे येतं. नुसतं सोबत यायला विचारायचं असेल तर हे वाक्य वापरू नका.

डेटिंग

टिंडर, बंबल, हिंज, ओकेक्युपिड हे सगळे अ‍ॅप्स इथे वापरात आहेत. प्रोफाइल इंग्रजीत चालतं, पण जर्मन किती येतं तेवढं एका ओळीत लिहा. चार ते सहा फोटो, चेहरा स्पष्ट दिसणारे, त्यात एखादा काहीतरी करत असतानाचा. गॉगल आणि गटाचे फोटो शेवटी. पहिला मेसेज नुसता 'हाय' नको. तिच्या किंवा त्याच्या प्रोफाइलमधल्या एका गोष्टीवर प्रश्न विचारा. तीन दिवस ते आठवडाभर बोलणं झालं की भेट सुचवा. महिनाभर मेसेज चालू राहिले की बहुतेक वेळा भेट होतच नाही.

पहिली भेट छोटी आणि उजेडातली ठेवा, तास-दीड तासाची. कॉफी किंवा फिरणं. लांडवेअर कालव्याच्या काठाने चालणं फार रूढ आहे. मंगळवारी किंवा शुक्रवारी गेलात तर मायबाखउफरचा बाजारही बघता येतो. कोपऱ्यावरच्या 'श्पेटी' म्हणजे रात्री उशिरापर्यंत उघड्या दुकानातून बाटली घेऊन रस्त्याने पीत जाणं इथे कायदेशीर आणि सर्रास आहे, यू-बानमध्ये, म्हणजे मेट्रोत, मात्र मनाई. चालत बोलणं समोरासमोर बसण्यापेक्षा सोपं जातं, गप्प झालं तरी अवघड वाटत नाही.

भेटीनंतर त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी मेसेज करा. तीन दिवस थांबण्यात काही फायदा नाही. पुन्हा भेटायचं असेल तर तसं लिहा. नसेल तर तेही लिहा: 'तुला भेटून छान वाटलं, पण माझ्याकडून ठिणगी पडली नाही.' जर्मनमध्येही हीच ठिणगीची उपमा वापरतात, 'एस हाट निश्त गेफुंक्ट'. असा मेसेज तुम्हाला आला तर 'कळवल्याबद्दल आभार' एवढंच. का, काय चुकलं, आणखी एक संधी, असं विचारत बसू नका.

प्रोफाइलमधले शब्द जसेच्या तसे घ्या. 'वास लोकरेस' म्हणजे सैल, न बांधलेलं नातं. 'फेस्टं बेत्सिउंग' म्हणजे पक्कं नातं. 'ओफेनं बेत्सिउंग' म्हणजे खुलं नातं, जोडीदाराच्या संमतीने इतरांनाही भेटणारं. बर्लिनमध्ये हे लपवत नाहीत. पटत नसेल तर पुढे जा. आपण त्याला किंवा तिला बदलू अशा आशेवर महिने घालवू नका. तीन-चार वेळा भेटलो म्हणजे आता आपण जोडपं झालो, हेही इथे गृहीत धरता येत नाही. सुरुवातीच्या काळात लोक एकाच वेळी अनेकांना भेटत असतात. चौथ्या-पाचव्या भेटीच्या सुमारास सरळ विचारा: 'तू आणखी कुणाला भेटतेस का? मला फक्त तुला भेटायचंय.' हा प्रश्न विचारायला आपल्याला जड जातो, पण न विचारल्याने जो मनस्ताप होतो तो कितीतरी मोठा. 'इश हाब डिश लीब' हे मित्रांना, भावंडांनाही म्हणतात. 'इश लीबं डिश' हे प्रेमाचं, आणि ते लवकर म्हणत नाहीत.

आता आपल्या बाजूचं. घरी स्थळं बघणं चालू असेल, आंतरजातीय किंवा परदेशी जोडीदार घरच्यांना चालणार नाही हे माहीत असेल, दोन वर्षांनी परत जायचं ठरलं असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपर्यंत सांगून टाका. सहा महिन्यांनी 'आईबाबा ऐकत नाहीत' म्हणून संपवणं हा समोरच्या माणसावर मोठा अन्याय आहे, आणि तो वारंवार होतो. जर्मन माणसाला 'घरचे ठरवतात' ही गोष्ट आपोआप समजत नाही. शांतपणे समजावून सांगावी लागते.

समलिंगी मंडळींसाठी शोनेबेर्गमधला नोलेनडोर्फप्लात्स हा जुना, मोकळा परिसर आहे. जर्मनीत समलिंगी विवाह ऑक्टोबर 2017 पासून कायदेशीर आहे.

क्लबमध्ये जायचं असेल तर दोघं-तिघं जा. सात-आठ मुलांच्या घोळक्याला दारातूनच परत पाठवतात. क्लब-बार बंद करण्याची सक्तीची वेळ पश्चिम बर्लिनमध्ये 1949 मध्येच उठवली गेली, त्यामुळे गर्दी मध्यरात्रीनंतर सुरू होते. आत फोटो काढू नयेत म्हणून बऱ्याच क्लबांत फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, ते काढू नका.

संमती, सुरक्षितता, आरोग्य

2016 च्या कायद्यानुसार समोरच्याची नको ही इच्छा दिसत असताना पुढे जाणं हा लैंगिक गुन्हा आहे. विरोध किंवा झटापट झालीच पाहिजे असं नाही. शंका असेल तिथे विचारा. कुणी तळ्याकाठी किंवा सौनात, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीत, विवस्त्र असणं हे निमंत्रण नव्हे. सौनात स्त्री-पुरुष एकत्र आणि विवस्त्र बसतात, टॉवेल अंगाखाली पसरायचा आणि बघत बसायचं नाही. यू-बानमध्ये अनोळखी मुलीशी बोलणं सुरू करणंही टाळलेलं बरं. ती तिथून उठून जाऊ शकत नाही.

पहिल्या भेटीला कुठे चाललात ते एका मित्राला कळवा आणि परतल्यावर मेसेज करा. प्रत्यक्ष न भेटता पैसे, गिफ्ट कार्ड किंवा क्रिप्टो गुंतवणूक यांचा विषय निघाला की संवाद तिथेच थांबवा. पोलिसांसाठी 110, रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी 112. हिंसाचार झालेल्या स्त्रियांसाठी 116 016 ही मोफत, चोवीस तासांची मदतवाहिनी अनेक भाषांत बोलते.

आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी 2015 पासून चिठ्ठीशिवाय औषधाच्या दुकानात मिळते. गोळीच्या प्रकारानुसार ती तीन किंवा पाच दिवसांच्या आत घ्यायची असते, पण जितकी लवकर तितकी चांगली. रविवारी दुकानं बंद असली तरी पाळीने एखादं उघडं असतं. बंद दुकानाच्या दारावर त्याचा पत्ता लावलेला असतो. एचआयव्हीची चाचणी सार्वजनिक आरोग्य केंद्रात नाव न सांगता करता येते.

एकत्र राहायचं ठरलं तर भाड्याच्या करारावर ज्याचं नाव आहे त्याने घरमालकाची आधी परवानगी घ्यावी, आणि राहायला येणाऱ्याने आल्यापासून 14 दिवसांत पत्त्याची नोंदणी करावी. रेडिओ-टीव्हीची महिन्याची 18.36 युरोची वर्गणी दर घरामागे एकच असते. दोघंही भरत असाल तर एकाने आपली रद्द करून घ्या.

जोडीदाराच्या पाठोपाठ आलेल्यांसाठी

नवरा किंवा बायको नोकरीसाठी आली आणि आपण मागून आलो, अशांना एकटेपणा जास्त भोवतो, कारण ऑफिसचाही आधार नसतो. मराठी मंडळींचे गणपती, दिवाळी यांना जरूर जा, तिथे पहिला जीव रमतो, डॉक्टर कुठला चांगला तेही कळतं. पण आठवड्यातला एक वार फक्त स्वतःचा, जोडीदाराशिवायचा असू द्या. स्वयंसेवा हा चांगला रस्ता आहे. उरलेलं चांगलं अन्न गरजूंपर्यंत पोहोचवणारी बर्लिनर टाफेल ही संस्था 1993 पासून चालते. भाज्या निवडण्याच्या कामाला फार जर्मन लागत नाही आणि हात चालू असताना भाषा आपसूक सुधारते.

हिवाळ्याची तयारी सप्टेंबरातच

डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो. बागा ओस पडतात, लोक घरात शिरतात, आणि नोव्हेंबरात नवीन ओळख करणं जूनपेक्षा खूप अवघड होतं. म्हणून हिवाळ्यात आत बसून करायचा वर्ग किंवा फेराइन सप्टेंबरात नक्की करा. 24 ते 26 डिसेंबर हे तीन दिवस घरच्यांचे. 24 च्या दुपारनंतर दुकानं बंद, मित्र गावी गेलेले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवा की शहरात कोण कोण थांबतंय, आणि 24 तारखेला आपल्याकडे जेवायला बोलवा. वेळ ठरवून सांगा, किराणा 23 लाच आणा, आणि रात्री दहानंतर आवाज होणार असेल तर दोन दिवस आधी जिन्यात शेजाऱ्यांसाठी चिठ्ठी लावा: नाव, मजला, फोन नंबर, आणि 'आवाज जास्त वाटला तर बेल वाजवा, किंवा आमच्यात या.'